कुपी मोजली, मूल राहिले

दिवाळी जवळ आली की परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ या तालुक्यांतल्या डोंगरपट्टीवरची गावे आणि तांडे बघता बघता रिकामे होतात. मुकादमाचा ट्रॅक्टर दारात येतो. उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या आणि पोरेबाळे घेऊन त्यात चढतात. पुढचे पाच-सहा महिने ती सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे, नगर, नाहीतर बेळगाव-बागलकोटकडच्या उसाच्या फडावर काढतात. गावात म्हातारी माणसे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळकरी मुले उरतात. अंगावर पिणारे मूल आईला मागे ठेवता येत नाही, ते कोयत्याबरोबर जाते.

त्याच दिवसांत, त्याच गावाच्या नावाने, प्राथमिक आरोग्य केंद्रातून लसीची पेटी निघते. आशाताई यादी घेऊन फिरतात आणि घराघराला कुलूप बघतात. संध्याकाळी न उघडलेल्या कुप्या केंद्रात परत जमा होतात. नोंदवहीत साठा जुळतो, तापमानाचा तक्ता भरलेला असतो, कोणाचीही चूक नसते. ज्या मुलासाठी ती कुपी पुण्याहून चारशे किलोमीटरचा प्रवास करून आली, ते मूल कुठल्यातरी साखर कारखान्याच्या मागे पाचटाच्या कोपीत असते. तिथल्या आरोग्य केंद्राच्या वार्षिक आकड्यात ते धरलेले नसते. इथल्या आकड्यात असते, पण इथे ते स्वतः नसते.

गरीब देशांतल्या लसीकरणाविषयी बोलताना पुरवठा साखळी कशी सुधारायची, हा प्रश्न बहुधा यंत्रांपाशी जाऊन थांबतो. चांगले फ्रीज, सौरऊर्जा, संगणकावरचा साठा, अलीकडे ड्रोन. यातल्या एकाही गोष्टीला माझा विरोध नाही. पण परभणी जिल्ह्याकडे पाहून माझी खात्री झाली आहे की खरी उणीव हिशेबाच्या पद्धतीत आहे. आपली सगळी साखळी कुपीचा हिशेब ठेवते. किती आल्या, किती वापरल्या, किती वाया गेल्या, किती उरल्या, हे सारे लिहिले जाते. लस न घेता परत गेलेले किंवा गावातच नसलेले मूल मात्र या हिशेबात कुठेच उतरत नाही. साखळीला जे मोजायला सांगितले, तेच ती सांभाळते.

आधी या साखळीचे मोल मान्य केले पाहिजे. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून देशात जे उभे राहिले, ते लहान काम नाही. कारखान्यातून निघालेली लस मोठ्या सरकारी भांडारांत येते. तिथून पुण्याचे राज्य भांडार, मग छत्रपती संभाजीनगरचे विभागीय भांडार, मग परभणीचे जिल्हा भांडार, मग नऊ तालुक्यांतली प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि शेवटी उपकेंद्रातले, अंगणवाडीतले किंवा तांड्यावरच्या समाजमंदिरातले सत्र. प्रत्येक टप्प्यावर दोन ते आठ अंश सेल्सिअस हे तापमान राखायचे. मे महिन्यात परभणीचा पारा त्रेचाळीसच्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटना उष्ण प्रदेशांसाठीचे लसीचे फ्रीज नेमक्या याच ४३ अंशांच्या उष्णतेत तपासून घेते. म्हणजे आमचा उन्हाळा ही त्या यंत्रांची परीक्षा आहे आणि ती यंत्रे तिला उतरतात. ज्याला केंद्रातले कर्मचारी आयएलआर म्हणतात, तो बर्फाच्या अस्तराचा फ्रीज दिवसातले आठ तास वीज मिळाली तरी आतला गारवा टिकवून धरतो. लाईट गेली म्हणून लस गेली, अशी परिस्थिती आता क्वचित येते.

तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांपैकी सर्व लसी पूर्ण झालेली मुले ७३.५ टक्केच निघाली. देशाची सरासरी ७६.४ टक्के होती. सीरम इन्स्टिट्यूट १९६६ पासून पुण्यात आहे, परळची हाफकिन याच राज्यात आहे आणि इथे तयार झालेली लस जगभर जाते. असे राज्य देशाच्या सरासरीखाली असावे, ही गोष्ट मला फार लागते. आधीच्या फेरीत हा आकडा ५६.२ होता, म्हणजे सुधारणा झाली हे खरे. पण उरलेली मुले कोण, हा प्रश्न टक्केवारी विचारत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडी, मालेगाव, भिवंडी इथे गोवर उसळला तेव्हा त्याचे एक उत्तर मिळाले. दाट वस्त्या, कामासाठी आलेली माणसे आणि लस न मिळालेली किंवा अर्धवट मिळालेली मुले.

जे मोजले जात नाही ते दिसत नाही, याचे खुद्द शीतसाखळीतलेच एक उदाहरण इथे विस्ताराने सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे. लसीच्या कुपीवर एक छोटे चिन्ह असते, वर्तुळ आणि आत चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो वर्तुळाच्या रंगाचा झाला की कुपी फेकायची. हे चिन्ह म्हणजे मोठी देणगी आहे. उन्हातून तांड्यावर गेलेली कुपी वापरायची की नाही, हे दहावी शिकलेली बाईही त्याच्याकडे बघून ठरवू शकते. मात्र हे चिन्ह फक्त उष्णता ओळखते, लस गोठली तर ते काहीच सांगत नाही. आणि पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, डीपीटी, धनुर्वाताची लस या सगळ्या एकदा गोठल्या की निकामी होतात. पुन्हा वितळल्यावर वरून सारखेच पाणी दिसते, चिन्ह स्वच्छ असते, सुई टोचली जाते, कार्डावर तारीख पडते आणि मूल उघडेच राहते.

हे घडते कसे? डीप फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक घाम सुटेपर्यंत, हलवल्यावर आत पाणी वाजेपर्यंत बाहेर ठेवायचे आणि मग पेटीत घालायचे, असा नियम आहे. सकाळी सत्राची घाई असते, पेटी नेणारा माणूस मोटारसायकल चालू करून उभा असतो आणि पॅक तसेच दगडासारखे आत जातात. बाहेर ऊन तापलेले असेल तर कोणाच्याही मनात येते की जितके गार तितके बरे. उन्हाळ्याला घाबरलेला माणूसच लस गोठवतो. हिवाळ्यात तर परभणी राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांत गणली जाते, कृषी विद्यापीठातल्या नोंदींत काही वर्षी किमान तापमान पाच अंशांच्या आसपास उतरलेले दिसते. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातल्या दहा राज्यांमधल्या तापमान-नोंदींचा अभ्यास आला. सर्वांत खालच्या केंद्रांमध्ये साठवणुकीच्या एकूण वेळेपैकी दहा टक्क्यांहून थोडा अधिक वेळ तापमान शून्याखाली होते, आणि वाहतुकीत हे प्रमाण आठ टक्क्यांच्या आसपास होते. आपण वर्षानुवर्षे उन्हाशी लढत होतो आणि घात थंडी करत होती, कारण कुपीवरची खूण थंडी मोजत नव्हती.

त्यानंतर सुधारणा झाल्या. २०१५ पासून ईव्हिन नावाची व्यवस्था आली. केंद्रातला शीतसाखळी सांभाळणारा कर्मचारी रोजचा साठा मोबाइलवर भरतो, फ्रीजमधला तापमापक बिघाड झाल्यास संदेश पाठवतो आणि जिल्ह्याला बसल्या जागी कळते की कोणत्या केंद्रात काय आहे, काय नाही. गोठणे आता निदान फ्रीजपुरते दिसू लागले, आणि दिसू लागले म्हणून त्यावर इलाज होऊ लागला. हीच नजर मुलाकडे वळली पाहिजे, एवढेच मी म्हणतो आहे.

कुपीचा हिशेब मुलाच्या आड कसा येतो, ते सत्राच्या जागी पाहावे. बीसीजीच्या एका कुपीत दहा मुलांची लस असते. गोवर-रुबेलाच्या कुपीतही अनेक मात्रा असतात. या कुप्या पाण्यात कालवल्यावर चार तासांत संपवाव्या लागतात, उरलेली टाकून द्यावी लागते. पेंटा, पोलिओ यांची उघडलेली कुपी नीट सांभाळली तर अठ्ठावीस दिवस चालते, या दोघींची चालत नाही. आता समजा, फडावरून आजारी सासऱ्याला बघायला चार दिवस गावी आलेली बाई नऊ महिन्यांचे मूल घेऊन उपकेंद्रात आली. एकटीच आली. एका मुलासाठी कुपी फोडायची की नाही? लेखी सूचना सांगते, फोडा. बीसीजीचा तर निम्मा वापर वाया जाईल हे सरकारने मागणीच्या हिशेबात आधीच धरलेले असते. पण मासिक बैठकीत प्रश्न विचारला जातो तो वाया गेलेल्या मात्रांविषयी. परत पाठवलेल्या मुलाविषयी प्रश्न येऊच शकत नाही, कारण त्याची नोंदच नसते. मग आरोग्य सेविका म्हणते, पुढच्या मंगळवारी ये ताई, तेव्हा चार-पाच मुले जमतील. पुढच्या मंगळवारी ती बाई फडावर असते. सेविकेला दोष देणे मला पटत नाही. तिला जबाबदार धरले जाते त्याच वस्तूची ती काळजी घेते, आणि आपण तिला कुपीसाठी जबाबदार धरले आहे.

आता कॅलेंडर उघडून पाहू. लसीकरणाचे वेळापत्रक जन्मापासून चालते: सहा, दहा आणि चौदा आठवडे, मग नऊ महिने, मग दीड वर्षाच्या आसपास. ऊसतोडीचे वेळापत्रक ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. ऑगस्टअखेर जन्मलेल्या मुलाची सहा आठवड्यांची लस गावात होते, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी फडावर येतात. फेब्रुवारीत जन्मलेले मूल नोव्हेंबरात नऊ महिन्यांचे होते, म्हणजे गोवराची पहिली लस नेमकी गाव सोडल्यावर येते. एप्रिलमध्ये ते परततात तेव्हा मूल चौदा महिन्यांचे असते. आपल्याकडे गोवराचा जोर हिवाळ्याच्या शेवटी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर असतो. म्हणजे ज्या महिन्यांत लस अंगात हवी, त्याच महिन्यांत ती मिळण्याचा मार्ग बंद. शिवाय राहण्याची जागा कोणती, तर एकमेकींना चिकटलेल्या कोप्या, चार जिल्ह्यांतून आलेली मुले, ट्रॅक्टरखाली सावलीत निजवलेली तान्ही. गोवराला याहून सोयीची जागा सापडणार नाही.

आई-बापांनी जिथे आहेत तिथल्या दवाखान्यात जावे, असे कोणी म्हणेल. ऊसतोडीचा दिवस पहाटे सुरू होतो आणि गाडी भरेपर्यंत संपत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई अर्धा दिवस गेली तर कोयता मोडतो, खाडा धरला जातो, उचल फिटायची लांबते. लस फुकट असली तरी त्या बाईला ती एका दिवसाच्या मजुरीला पडते. ज्या आईने गावात असताना प्रत्येक मंगळवार पाळला, तिला फडावर गेल्यावर निष्काळजी ठरवणे अन्यायाचे आहे.

लस माणसाला धरून चालवण्याची कल्पना काही नवी नाही. भारतात पहिली लस टोचली गेली १४ जून १८०२ रोजी, मुंबईत, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. तेव्हा बर्फ नव्हता, फ्रीज नव्हते. देवीची लस बगदाद-बसराहून मुंबईपर्यंत आली ती माणसांच्या दंडांवरून. एकाला टोचायची, आठव्या दिवशी त्याच्या फोडातली लस काढून पुढच्याला टोचायची. तिथून ती पुढे पुणे, हैदराबाद, मद्रासकडे गेली. या पद्धतीत लहान मुलांना भांड्यासारखे वापरले गेले आणि ते क्लेशकारक होते, याबद्दल मला शंका नाही. पण तिच्यात एक सक्ती होती. पुढचे मूल कोण, कुठे आणि कोणत्या दिवशी, हे माहीत असल्याशिवाय लस एक पाऊलही सरकत नसे, मूल चुकले की साखळी तुटे. आज कुपी शेकडो कोस सुरक्षित जाते आणि तिच्या शेवटी मूल आहे की नाही, याने साखळीला काही फरक पडत नाही.

अगदी अलीकडे, पोलिओच्या वेळी, आपण हे पुन्हा करून दाखवले. वीटभट्ट्या, बांधकामे, भटक्यांची पाले, रेल्वे फलाट, बसस्थानके, धावत्या गाड्या इथे पाजणारी पथके उभी राहिली. देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २०१४ च्या मार्चमध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. मूल कुठेही असो, त्याच्या बोटाला शाई लागलीच पाहिजे, असे ठरवले होते म्हणून ते साधले. लसीकरणाच्या इंद्रधनुष मोहिमांतही ऊसतोड वस्त्या धरल्या जातात, हे नोंदवले पाहिजे. पण मोहीम येते आणि जाते. सहा, दहा, चौदा आठवडे अशा ठरलेल्या अंतराने मिळायच्या लसी मोहिमेच्या तारखांवर सोडता येत नाहीत. त्यासाठी नेहमीच्या पुरवठ्यातच फरक करावा लागेल.

बाहेरचे एक उदाहरण इथे उपयोगी आहे. मोझांबिकच्या काबो डेलगाडो प्रांतात आधी प्रत्येक केंद्रातल्या परिचारिकेने स्वतः जाऊन लस आणायची पद्धत होती, जमेल तेव्हा, मिळेल त्या वाहनाने. २००२ ते २००७ दरम्यान ती बदलली. केवळ वितरणासाठी नेमलेली माणसे दर महिन्याला ठरलेल्या मार्गाने केंद्रोकेंद्री जाऊ लागली, फ्रीज तपासू लागली, खरी गरज पाहून साठा देऊ लागली. तीन मात्रा पूर्ण झालेल्या मुलांचे प्रमाण जवळपास ६९ टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेले. पुरवठा कोणी मागेल तेव्हा पाठवायचा याऐवजी जिथे मुले आहेत तिथे ठरल्या दिवशी न्यायचा, एवढा बदल पुरला. आपल्याकडे २०२१ च्या डिसेंबरात पालघरमधल्या जव्हारहून झाप गावापर्यंत ड्रोनने कोविडची लस नेली, काही मिनिटांत. डोंगराळ भागासाठी ते चांगलेच आहे. परभणीत मात्र रस्त्यांचा प्रश्न मुख्य नाही. ड्रोन कुलूप लावलेल्या घरापर्यंत जलद पोहोचेल, इतकेच.

मग परभणीत काय करावे? कोणते कुटुंब कोणत्या कारखान्याच्या कोणत्या गटात जाणार, याची जिल्ह्यातली सर्वांत अचूक यादी आरोग्य विभागाकडे नाही, मुकादमाच्या वहीत आहे. उचल दिलेल्या प्रत्येक कोयत्याचे नाव, गाव आणि ठिकाण त्यात असते, कारण त्यात पैसा गुंतलेला असतो. तीच माहिती कारखान्याकडे असते, आणि कारखान्याला दरवर्षी गाळपाचा परवाना पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडून घ्यावा लागतो. त्या परवान्याबरोबर ऊसतोड कुटुंबांची, त्यांतल्या पाच वर्षांखालच्या मुलांची आणि गरोदर बायांची यादी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला द्यायची, अशी अट घालणे अशक्य नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने स्थापन झालेले ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, कामगारांना ओळखपत्रे द्यायचे कामही सुरू झाले आहे. मुलाचे लसीकरण त्या ओळखपत्राशी जोडायला नवे खाते लागणार नाही.

मुलांची नावानिशी नोंद ठेवणारी यू-विन व्यवस्था २०२३ पासून येते आहे. तिच्यामुळे परभणीत नोंदलेले मूल कोल्हापुरातही लस घेऊ शकते. कोविडच्या वेळी हे आपण अनुभवले: पहिली मात्रा एका गावी, दुसरी दुसऱ्या, आणि प्रमाणपत्र एकच. पण मुलाची नोंद यू-विनमध्ये आणि लसीचा साठा ईव्हिनमध्ये, अशा दोन वह्या वेगळ्या राहिल्या तर निम्मेच काम होईल. पालम तालुक्यातली दोनशे मुले कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला गेली, हे यू-विनला कळले की त्या मुलांच्या मात्रा पालमच्या मागणीतून वजा होऊन शिरोळच्या मागणीत आपोआप जमा झाल्या पाहिजेत. तेवढेच सत्रही वाढले पाहिजे, आणि ते कारखाना रोजची तोड बंद करील त्या वेळेला, संध्याकाळी, कोप्यांजवळ भरले पाहिजे. मूल कोणत्याही गावचे असो, एकटे आले तरी कुपी फुटली पाहिजे. आणि मासिक अहवालात वाया गेलेल्या मात्रांच्या शेजारी एक रकाना हवा: लस न देता परत पाठवलेली मुले किती. तो रकाना छापला जाईल त्या महिन्यापासून उपकेंद्रातली वागणूक बदलू लागेल, असे मला वाटते, कारण तेव्हा सेविकेला कुपी वाचवण्याइतकेच मूल वाचवण्याचेही श्रेय मिळेल.

यात एक खरी अडचण आहे, आणि ती पैशाची किंवा तंत्राची नाही. पाहुणी मुले आपल्या यादीत घेतली की यजमान जिल्ह्याची एकूण मुलांची संख्या वाढते आणि टक्केवारी घसरते. ज्या अधिकाऱ्याचे काम टक्क्यांवर तोलले जाते, तो हंगामापुरत्या आलेल्या चार-पाच हजार मुलांना आपले म्हणायला का तयार होईल? परभणीलाही आपली गेलेली मुले यादीतून काढायला अडचण नाही, उलट ती काढली की परभणीचा आकडा सुधारतो. अशा रीतीने दोन्ही जिल्ह्यांचे आकडे चांगले राहतात आणि मूल दोन्हीकडून सुटते. यावर उपाय एकच दिसतो. स्थलांतरित मुलांचा हिशेब दोन्ही जिल्ह्यांच्या टक्केवारीपासून वेगळा ठेवायचा, त्याची जबाबदारी राज्याच्या पातळीवर एका नावानिशी नेमलेल्या अधिकाऱ्यावर टाकायची, आणि प्रत्येक पूर्ण झालेल्या मुलाचे श्रेय पाठवणाऱ्या व घेणाऱ्या, दोन्ही जिल्ह्यांना द्यायचे. कर्नाटकात जाणाऱ्या मुलांसाठी तिथल्या सरकारशी असाच करार लागेल. सीमेपलीकडच्या कारखान्यांतही मराठवाड्याचे हजारो कोयते असतात.

गाळपाची तयारी पावसाळ्यातच सुरू होते, मुकादम श्रावणापासून गावोगावी फिरून उचल वाटतात. यादी हवी असेल तर ती तेव्हाच, सप्टेंबर संपायच्या आत, परभणीच्या जिल्हा लस भांडारात आणि ज्या तालुक्यांत कारखाने आहेत तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर पोहोचली पाहिजे, म्हणजे ऑक्टोबरची मागणी तिच्यावरून भरता येईल.